सक्तीचा व्यसनत्याग आणि कैद्यांचे मृत्यू : अमेरिकेतील कारागृहांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

हेरॉइन, फेंटानिल यांसारख्या अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेमुळे कैद्यांचे होणारे मृत्यू हा सामान्यतः व्यसनाचा अटळ परिणाम मानला जातो. तथापि अमेरिकेचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहता या मृत्यूंमध्ये कारागृहाच्या धोरणाचाही मोठा वाटा असल्याचे दिसून येते. प्रस्तुत लेखात या धोरणाच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

या द्रव्यांचे नियमित सेवन करणाऱ्याच्या शरीराला मोठ्या मात्रेची सवय जडते. सेवन थांबल्यावर ही सहनक्षमता लवकर घटते. ओढ मात्र टिकून राहते. त्यामुळे सुटकेनंतर पूर्वीचीच मात्रा घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो.

दवाखान्यातून कारागृहाकडे

१९१४ च्या हॅरिसन कायद्याने अफू व कोका यांपासून बनणाऱ्या द्रव्यांच्या व्यवहारावर नोंदणी व कर यांचे बंधन घातले. केवळ व्यसनाधीनाची नित्याची गरज भागविण्यासाठी डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून देणे हा वैद्यकीय उपचार ठरत नाही, असा निर्णय १९१९ मध्ये वेब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिला. परिणामी पूर्वी डॉक्टरांकडे जाणारे व्यसनाधीन गुन्हेगार ठरू लागले आणि कारागृहांत त्यांची गर्दी झाली. यावर उपाय म्हणून १९२९ च्या पोर्टर कायद्यान्वये दोन स्वतंत्र संस्थांची तरतूद करण्यात आली. त्यांपैकी पहिली संस्था १९३५ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे सुरू झाली. ती एकाच वेळी कारागृह आणि रुग्णालय होती. शेतीकाम, शिस्त आणि व्यसनापासूनचा दुरावा यांतून माणूस बरा होईल, अशी तिच्यामागील धारणा होती. प्रत्यक्षात बाहेर पडलेल्यांपैकी बहुसंख्य पुन्हा व्यसनाकडे वळले.

ज्ञान आणि व्यवहार यांतील अंतर

लेक्सिंग्टनच्या संशोधकांनी कैद्यांवरच प्रयोग करून शारीरिक अवलंबित्व आणि व्यसन तुटताना होणाऱ्या यातना यांचा शास्त्रीय अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धानंतर मेथाडोन या औषधाची तपासणी तेथे झाली. ब्युप्रेनॉर्फिनच्या प्रारंभीच्या मानवी चाचण्यांचे निष्कर्षही तेथील संशोधन केंद्राने १९७८ मध्ये प्रसिद्ध केले. प्रयोगांत भाग घेणाऱ्या कैद्यांना मोबदल्यादाखल अमली द्रव्य दिले जाई, ही बाब १९७५ मध्ये सिनेटच्या सुनावणीत चर्चिली गेली.

दरम्यान, व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वॉन्डर यांनी १९६५ मध्ये नियमित मेथाडोनवर आधारित उपचारपद्धती मांडली. न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंड तुरुंगात १९८७ मध्ये तिचा अवलंब झाला; पण बहुतेक कारागृहांनी ती नाकारली. एका व्यसनाऐवजी दुसरे व्यसन देणे, अशी तिच्याविषयीची समजूत होती. अशा रीतीने जी औषधे कैद्यांच्या शरीरावर पारखली गेली, तीच कैद्यांना दुर्मीळ राहिली.

आकडेवारीची साक्ष

वॉशिंग्टन राज्यातून १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या ३०,२३७ कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मृत्यू येण्याचा त्यांचा धोका राज्यातील इतर रहिवाशांच्या तुलनेत १२९ पट होता. कारागृहाच्या भिंतीही सुरक्षित राहिल्या नाहीत. राज्य कारागृहांत अमली द्रव्ये वा मद्य यांच्या विषबाधेने २००१ मध्ये ३५ मृत्यू झाले होते. २०१८ मध्ये ती संख्या २४९ वर गेली.

याउलट ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ मध्ये आपल्या कारागृहांत मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन व नाल्ट्रेक्सोन ही तिन्ही औषधे उपलब्ध करून दिली. त्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत राज्यातील अतिमात्रेच्या १७९ बळींपैकी २६ जण नुकतेच कारागृहातून सुटलेले होते. २०१७ च्या त्याच काळात १५७ बळींपैकी असे केवळ ९ होते. राज्य लहान व काळ अल्प असला, तरी ही घट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, सक्तीचा व्यसनत्याग म्हणजे व्यसनमुक्ती नव्हे. कारागृह कैद्याची सहनक्षमता काढून घेते. उपचार न देता त्याला बाहेर सोडले, तर शिक्षा संपल्यावरच त्याच्या जिवाला सर्वाधिक धोका उद्भवतो. न्यायालयाने ठोठावलेल्या शिक्षेत हा धोका कोठेही लिहिलेला नसतो. म्हणूनच या मृत्यूंची जबाबदारी केवळ मृताच्या व्यसनावर टाकता येत नाही.