मेंढा तोफ आणि दादीची फुंकणी

पावसाळ्यात एकदा तरी देवगिरीच्या किल्ल्यावर जाऊन यायचे, ही माझी जुनी सवय. छत्रपती संभाजीनगरहून गाडीने निघालो की अर्ध्या तासात पायथा येतो. महाकोटाचे दरवाजे ओलांडायचे, चांदमिनार मागे टाकायचा आणि चढ चढून चिनी महालाशी पोचायचे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला १६८७ नंतर याच महालात कैदेत ठेवले होते. त्याच्या शेजारच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. तिची मागची बाजू मेंढ्याच्या मुंडक्यासारखी घडवली आहे, म्हणून लोक तिला मेंढा म्हणतात. तिच्या अंगावर फारसी लेख आहे. त्यात औरंगजेब बादशहाचे नाव आहे, ओतणाऱ्या कारागिराचे, महंमद हुसेन अरब याचे नाव आहे आणि तोफेचे खरे नावही आहे. ते नाव ‘किला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी. किल्ला फोडणारी ही तोफ किल्ल्याची राखण करत बसली आहे, ही गंमत मला दर वेळी नव्याने वाटते.

पावसात भिजलेल्या त्या धातूवर मी हात ठेवतो. तीनशेहून अधिक पावसाळे तिने उघड्यावर काढले. तिला कुणी तेल लावले नाही, ताडपत्री घातली नाही. सहलीला आलेली मुले तिच्यावर घोड्यावर बसावे तशी बसतात, कुणी खिळ्याने आपले नाव कोरायला बघतो. तरी ती गंजलेली नाही. तिच्या लेखातली अक्षरे अजून बोटाला लागतात. मग मनात येते, कुणी काळजी घेतली नाही तरी टिकून राहायचे, हे काही हत्यारांना कसे जमते? आणि दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. ती इतकी टिकतात, हे चांगले की वाईट?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर धातूत आहे. लोखंडाला गंज चढतो तो भुसभुशीत असतो. त्याचा पापुद्रा गळून पडतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा पाण्याच्या तोंडी जाते. तांब्यात कथील मिसळून केलेल्या कांशावर मात्र हिरवट थर बसतो, तो घट्ट धरून राहतो आणि आतल्या धातूचे चिलखत होतो. आपल्याकडे अशा तोफांना सरसकट पंचधातूच्या म्हणतात. ओतीव कांशाची तोफ महाग पडे, पण गोलंदाजांना तीच प्रिय होती. त्याचे आणखी एक कारण होते. दारूचा जोर सोसेनासा झाला की अशी तोफ बहुधा आधी फुगते, इशारा देते. लोखंडी तोफ न सांगता फुटायची आणि शत्रूऐवजी डागणाऱ्यालाच घेऊन जायची.

आपल्या मराठवाड्याशी नाते असलेली अशीच दुसरी तोफ म्हणजे मलिक-ए-मैदान. निजामशाहीच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १५४९ मध्ये महंमद नावाच्या रूमी कारागिराने ती ओतली. वजन सुमारे ५५ टन. पुढे ती धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यात होती. तिथून १६३२ मध्ये आदिलशाहीचा सरदार मुरार पंडित याने ती विजापूरला नेली. १६८६ मध्ये विजापूर पडले तेव्हा औरंगजेबाने तिच्यावर आपल्या विजयाचा लेख कोरून घेतला. मग इंग्रज आले. त्यांच्या दप्तरी ती निकामी सामान ठरली आणि १८५४ मध्ये तिचा लिलाव पुकारला गेला. सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची! एवढ्या कमी पैशात ती देणे बरे दिसेना, शिवाय लोकांचा तिच्यावर जीव आहे असे अधिकाऱ्यांच्या ध्यानी आले, म्हणून ती राहिली. आजही ती विजापूरच्या बुरुजावर आहे. तिने चार मालक पाहिले, पण ती कुणाचीच झाली नाही.

देवगिरीचेही तेच. १६३३ मध्ये महाबतखानाने तो किल्ला मोगलांसाठी जिंकला. पुढे तो निजामाकडे गेला. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये मराठ्यांकडे आला, पुन्हा निजामाकडे गेला आणि १९४८ मध्ये भारतात सामील झाला. मेंढा मात्र आपल्या जागी होता. तो आखावर फिरतो, त्यामुळे कुणीही यावे आणि त्याचे तोंड हव्या त्या दिशेला वळवावे. टिकाऊ हत्यार इमानी असते असे आपण म्हणतो. ते इमान कामाशी असते, धन्याशी नसते.

तोफा राजांच्या. सामान्य माणसाच्या हाती आली ती तोड्याची बंदूक. तोडा म्हणजे सुताची पेटती वात. चाप ओढला की ती वात खाली येऊन रंजकीच्या दारूला लागायची, तिथून कानातून विस्तव आत जायचा आणि बार उडायचा. युरोपात पुढे गारगोटीच्या चापाची बंदूक आली. तिला वात पेटती ठेवावी लागत नसे, म्हणजे ती सुधारलेलीच. तरीही आपल्याकडे एकोणिसावे शतक बरेच सरेपर्यंत तोडा चालत राहिला. हे काही अडाणीपणाने नव्हे. चापाच्या बंदुकीला कडक पोलादाची कमान लागे आणि चांगली गारगोटी लागे. कमान मोडली की गावात इलाज नव्हता. तोड्याच्या बंदुकीत मोडण्यासारखे फारसे काही नव्हतेच. जे मोडेल ते गावचा लोहार सांधून देई. पाऊस आला की वात विझे, हा तिचा दोष. पण तो दोष सगळ्यांना माहीत होता आणि माहीत असलेल्या दोषाबरोबर संसार करता येतो.

तिच्याच कुळातली ठासणीची बंदूक आमच्या घरी होती. पैठण तालुक्यात आमची थोडी जमीन. रानडुकरे आणि हरणे पिकावर येत, त्यांना हाकायला माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, रात्री मळ्यात बार काढत. जीव घेण्यासाठी तिचा उपयोग झाल्याचे घरात कुणी सांगितले नाही. ती गोठ्याच्या वळचणीला टांगलेली असे. धूळ, धूर, पावसाचे शिंतोडे, सगळे तिच्यावर. हंगाम आला की गजाने नळी साफ करायची, की झाली तयार.

मग १९४८ साल आले. रझाकारांनी त्या काळात गावोगाव काय केले ते मराठवाडा विसरलेला नाही. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या हाती अशाच ठासणीच्या बंदुका होत्या. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या आणि पाच दिवसांत सगळे संपले. त्यानंतरच्या आठवड्यांत ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशाही कितीतरी मुसलमान घरांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ते तेव्हाच नोंदवले, पण तो अहवाल लोकांना वाचायला मिळाला २०१३ मध्ये. अशा दिवसांत वळचणीची ती बंदूक एका रात्रीत वेगळीच वस्तू झाली. डुकरे हाकायची बंदूक काल जी होती तीच आजही होती, पण बघणाऱ्याची नजर बदलली होती. ठेवावी तर भीती, नेऊन द्यावी तर त्याहून भीती. दादी म्हणाली, “ये घर में नको.” आमच्या दखनीतला हा ‘नको’ मराठीतूनच आलेला. त्या रात्री दादांनी बंदूक विहिरीत सोडली.

पुढे मी शहरात शिकायला आलो. कॉलेजच्या दिवसांत एकदा संचारबंदी लागली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली एक हवालदार दिवसभर बसून असे. अम्मीने त्याला पाणी देऊन ये म्हणून मला धाडले. त्याच्या मांडीवर थ्री नॉट थ्री होती. तिच्यावर कोरलेले साल मी वाचले, १९४४. ती त्याच्याहून वयाने मोठी होती. मी तसे म्हणालो तर तो हसला. “हिला काय होतंय? पाऊस पडू दे, धूळ बसू दे. आमचंच गुडघं गेलं उभं राहून राहून.”

त्याचे खरे होते. ली-एन्फील्ड रायफल ब्रिटिश फौजेत १८९५ मध्ये आली. पुढे ती बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही होऊ लागली. वजन चार किलोच्या आसपास, पेटीत दहा गोळ्या, प्रत्येक बाराला हाताने खटका मागे ओढायचा. तिचे भाग थोडे सैल बसवलेले, त्यामुळे चिखलमाती शिरली तरी खटका अडत नसे. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैनिकांना त्यांच्या देशाने रॉस नावाची रायफल दिली होती. ती नेमबाजीत अचूक, बांधणीत रेखीव. पण १९१५ मध्ये ईप्रच्या खंदकांत, चिखलात, तिचा खटका अडकू लागला. सैनिक बुटाच्या टाचेने तो उघडू पाहत होते. शेवटी त्यांनी रॉस फेकल्या आणि पडलेल्या इंग्रज सैनिकांच्या ली-एन्फील्ड उचलल्या. पुढच्या वर्षी रॉस आघाडीवरून मागे घेतली गेली. फार नेटके बसवलेले यंत्र धुळीपुढे हरते, थोडी मोकळीक ठेवलेले तरते.

हाच विचार टोकाला नेला मिखाईल कलाश्निकोव्हने. हा रशियन रणगाडा दलातला सैनिक १९४१ मध्ये जखमी झाला आणि बरा होता होता बंदुकीचे आराखडे काढू लागला. त्याची एके-४७ १९४९ मध्ये सोव्हिएत फौजेने स्वीकारली. आतले भाग मोजके, त्यांच्यात मुद्दाम ठेवलेली फट आणि ढकलणारा जोर भरपूर. वाळू, पाणी, हेळसांड, सगळे ती सोसते. या घराण्याच्या जगात सुमारे दहा कोटी बंदुका निघाल्या असाव्यात असा अंदाज आहे. अडाणी माणसाला, अगदी लहान पोरालाही ती थोड्या वेळात शिकवता येते आणि हाच तिचा शाप ठरला. कलाश्निकोव्ह २०१३ मध्ये वारला. त्याआधी त्याने आपल्या धर्मगुरूंना पत्र लिहून विचारले होते, की माझ्या बंदुकीने माणसे मेली, तर त्या मरणांचा दोष माझ्या माथी येतो का? ज्याची बंदूक कधी अडली नाही, तो माणूस या प्रश्नापाशी अडला.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत या दोन बंदुका समोरासमोर आल्या. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्लेखोरांकडे एके-४७ होत्या आणि तिथल्या पोलिसांपैकी काहींच्या हाती थ्री नॉट थ्री, काहींच्या हाती नुसत्या लाठ्या. पुढे राम प्रधान समितीने चौकशी केली. पोलिसांना नेमबाजीच्या सरावासाठी पुरेशा गोळ्याच मिळत नव्हत्या, हे त्यातून पुढे आले. मला त्या लिंबाखालच्या हवालदाराची आठवण झाली. बंदूक टिकते म्हणून आपण ती बदलत नाही, आणि ती धरणारा माणूसही तसाच टिकेल असे धरून चालतो. पण हेळसांड सोसायचा गुण लोखंडाचा आहे, माणसाचा नव्हे. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी हातांनी धरली. गोळ्या त्यांच्या पोटात गेल्या, हात सुटले नाहीत आणि कसाब जिवंत सापडला. ती बंदूक त्या रात्रीही अडली नाही. अडला तो तिच्यामागचा माणूस, आणि त्याला अडवले ते एका माणसाच्या हातांनी.

थ्री नॉट थ्री आता निवृत्त झाली आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी संचलनात निरोप दिला.

आता आमच्या विहिरीकडे परत येतो. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी लहान होतो, ही गोष्ट अब्बांकडून ऐकलेली. विहीर तळाला गेली. गाळ काढायला गावातली माणसे उतरली आणि गाळाबरोबर बंदूक वर आली. लाकडी दस्ता कुजून गेलेला, पितळी कड्या हिरव्या पडलेल्या. नळी मात्र चिखलात दबून राहिल्याने वरवरच गंजली होती. काठावर दादा उभे होते. तेही गप्प आणि बाकीचेही गप्प. पाटील आले. त्यांनी ती हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली. या बंदुकीचे बार त्यांनी रात्री मळ्यातून किती वर्षे ऐकले असतील! ते म्हणाले, “इंजिनाचा जुना पाईप दिसतोय. लोहाराकडं टाका.”

लोहारानेही काही विचारले नाही. त्याने नळीचा तोंडाकडचा दीड हात तुकडा कापला, घासला आणि दुसऱ्या दिवशी दादीला आणून दिला. चुलीची फुंकणी म्हणून. ती दादीने मरेपर्यंत वापरली. मी तिच्याशेजारी बसून त्या नळीतून चूल फुंकली आहे. ओठाला लोखंडाची चव लागायची.

आता घरात गॅस आहे. फुंकणी माळ्यावर पडलेली असते. गेल्या पावसाळ्यात देवगिरीहून आल्यावर काढून पाहिली. थोडा गंज होता, फडक्याने पुसला. डोळ्याला लावून आरपार पाहिले, नळी अजून सरळ आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)