मक्याचा भाव आता इथेनॉल ठरवतं का? विकायचा की ठेवायचा, याचं गणित

दिवाळीच्या आगेमागे नाशिक, जळगाव, जालना, छत्रपती संभाजीनगर या भागांतल्या बाजार समित्यांमध्ये मक्याची आवक सुरू होते. पूर्वी पुढचा भाव काय राहील हे विचारलं की व्यापारी पोल्ट्रीच्या मागणीकडे बोट दाखवायचे. आता उत्तरात आणखी एक शब्द असतो, तो म्हणजे इथेनॉल. पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं हे इंधन शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत कसं पोहोचलं?

मक्यावर नजर का गेली?

२०१४ मध्ये देशात पेट्रोलमध्ये जेमतेम दीड टक्का इथेनॉल मिसळलं जायचं. जून २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचलं. सुरुवातीला बहुतेक इथेनॉल उसाच्या मळीपासून तयार व्हायचं.

२०२३ मध्ये पाऊस कमी झाला. साखर कमी पडेल या भीतीने केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवडाभरात ती काही प्रमाणात सैल झाली, पण मर्यादा कायम राहिली. त्याआधी जुलैमध्येच अन्न महामंडळाच्या गोदामांतला तांदूळ डिस्टिलरींना देणं थांबलं होतं. ऊस आणि तांदूळ दोन्ही आखडल्यावर हाताशी उरला मका.

जानेवारी २०२४ मध्ये तेल कंपन्यांनी मक्याच्या इथेनॉलचा दर वाढवून लिटरला ७१.८६ रुपये केला. उसाच्या रसाच्या इथेनॉलचा दर तेव्हा ६५.६१ रुपये होता. २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात धान्याच्या इथेनॉलने पहिल्यांदाच उसाच्या इथेनॉलला मागे टाकलं.

बाजारात काय झालं?

मक्याचा सगळ्यात मोठा ग्राहक होता पोल्ट्री उद्योग. कोंबडीखाद्यात निम्म्याहून जास्त वाटा मक्याचा असतो. त्यात डिस्टिलरी उतरल्यावर एकाच मालाला दोन मोठे गिऱ्हाईक झाले. २०२४ मध्ये अनेक बाजारांत मका हमीभावाच्या वर विकला गेला. एरवी मका निर्यात करणाऱ्या भारताने त्या वर्षी म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणला. सरकारने सुमारे ५ लाख टन मका १५ टक्के सवलतीच्या शुल्काने आणायला परवानगी दिली. एरवी हे शुल्क ५० टक्के असतं.

मग भाव चढतच का राहिला नाही?

याचं उत्तर इथेनॉलच्या दरातच आहे. एक क्विंटल मक्यापासून साधारण ३८ लिटर इथेनॉल मिळतं. ७१.८६ रुपये दराने त्याचे होतात सुमारे २,७३० रुपये. सोबत ३० किलोच्या आसपास चोथा उरतो, तो पशुखाद्य म्हणून विकला जातो. त्याला किलोला १५ रुपये धरले, तर आणखी ४५० रुपये. या सुमारे ३,१८० रुपयांतून कोळसा, वीज, एन्झाइम, मजुरी, वाहतूक आणि कर्जाचं व्याज वजा करायचं. जे उरतं, त्याहून जास्त भाव डिस्टिलरी मक्याला देऊच शकत नाही.

म्हणजे इथेनॉलमुळे मागणी वाढते, पण भावाला वरून एक छतही बसतं, कारण इथेनॉलचा विक्रीदर कारखानदार ठरवत नाही. शिवाय कच्चा माल बदलण्याची सोय असते. ऑगस्ट २०२४ मध्ये उसावरची मर्यादा उठवण्याचा निर्णय झाला आणि तांदूळही पुन्हा खुला झाला. जानेवारी २०२५ मध्ये इथेनॉलसाठी सरकारी तांदळाचा दर क्विंटलला २,२५० रुपये ठरला. एक क्विंटल तांदळातून मक्यापेक्षा जास्त इथेनॉल निघतं. त्यामुळे मका महागला की धान्यावर चालणाऱ्या डिस्टिलरी तांदळाकडे वळू शकतात.

दुसरीकडे चांगला भाव पाहून शेतकऱ्यांनी पेरा वाढवला. २०२४-२५ मध्ये देशातलं मक्याचं उत्पादन ४०० लाख टनांच्या पुढे गेलं. २०२५ च्या खरिपात क्षेत्र आणखी वाढलं. त्या हंगामाचा हमीभाव होता २,४०० रुपये, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये कर्नाटकात मका १,६०० ते १,८०० रुपयांना जात होता आणि शेतकरी रस्त्यावर उतरले होते. २०२५-२६ साठी ठरलेल्या इथेनॉल पुरवठ्यात मक्याचा वाटा जवळपास निम्मा होता, तरीही हे घडलं.

अमेरिकेतही असंच झालं होतं. २००७ च्या कायद्याने जैवइंधनाची सक्ती वाढली. मका महागत गेला आणि २०१२ च्या दुष्काळात बुशेलला ८ डॉलरच्या वर गेला. पेरा वाढला, पीक चांगलं आलं आणि २०१४ मध्ये तो ४ डॉलरच्याही खाली आला.

सोयाबीनचा काय संबंध?

मक्यातला स्टार्च इथेनॉलमध्ये जातो आणि प्रथिनं चोथ्यात राहतात. या चोथ्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात. पशुखाद्यात तो सोयाबीन पेंडीची जागा घेतो आणि पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. पेंडीला उठाव कमी झाला की सोयाबीनचा भाव दबतो. २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना महाराष्ट्रातल्या बाजारांत सोयाबीन बऱ्याचदा ४,००० च्या आसपास विकलं गेलं. जगभरातलं भरपूर उत्पादन हे त्यामागचं मोठं कारण होतं, पण डीडीजीएसनेही भर घातली. ज्या धोरणाने मक्याला गिऱ्हाईक दिलं, त्यानेच शेजारच्या शेतातल्या सोयाबीनचं गिऱ्हाईक कमी केलं.

विकायचा की ठेवायचा?

पहिला हिशेब ओलाव्याचा. हमीभाव खरेदीसाठी ओलावा १४ टक्क्यांपर्यंत लागतो. २० टक्के ओलाव्याचा १०० क्विंटल मका १४ टक्क्यांपर्यंत वाळवला की सुमारे ९३ क्विंटल भरतो. ओला मका १,७०० ला जात असेल, तर वाळवलेल्याला १,८३० मिळाले तरच बरोबरी होते. ठेवायचा असेल तर वाळवण्याला पर्याय नाही. ओल्या मक्याला बुरशी लागते आणि बुरशीचं विष असलेला माल पोल्ट्रीवाले नाकारतात.

दुसरा हिशेब व्याजाचा. रब्बीच्या बियाण्या-खतासाठी उसनवार करावी लागली आणि व्याज वर्षाला १२ टक्के असेल, तर २,००० रुपयांच्या क्विंटलवर महिन्याला २० रुपये जातात. चार महिन्यांचे झाले ८०. बारदान, हमाली, किडीची तूट वेगळी. भाव १०० रुपयांनी वाढला, तरी हाती फारसं काही उरत नाही. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून १८० दिवसांसाठी ६ टक्क्यांनी कर्ज मिळतं. तिथे हाच खर्च निम्म्यावर येतो. मात्र ही सोय आपल्या बाजार समितीत सुरू आहे का, हे मळणीआधी विचारलेलं बरं.

तिसरा हिशेब वेळेचा. इथेनॉलचं वर्ष नोव्हेंबरपासून ऑक्टोबरपर्यंत असतं. कोणत्या कच्च्या मालाला किती वाटा, हे वर्षाच्या तोंडावर कळतं. तांदळाचा कोटा, इथेनॉलचे दर आणि मका आयातीची परवानगी या तीन बातम्यांवर पुढचा भाव हलतो. एप्रिलपासून बिहारचा रब्बी मका बाजारात येतो, त्यामुळे मार्च उलटल्यावर आणखी थांबण्यात जोखीम वाढते.

म्हणूनच अनेक शेतकरी सगळा माल एकदम काढत नाहीत. देणी भागतील एवढा मका आधी विकतात आणि उरलेला वाळवून टप्प्याटप्प्याने काढतात. इथेनॉलने मक्याला कायमचा मोठा ग्राहक दिला आहे. पण तो किती घेणार आणि कोणत्या भावाने, याचा निर्णय बाजारापेक्षा दिल्लीत जास्त होतो.