डोळ्यातले फूल

चोर्ल्याचा घाट चढून बेळगावकडे निघालो की कणकुंबी लागते. मलप्रभेचा उगम आणि माऊलीचे देऊळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. अशा भातशेतीच्या गावांत पूर्वी एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या बुबुळावर पांढरा डाग दिसायचा. 'डोळ्यात फूल पडलंय' असे म्हणत. इतक्या वाईट गोष्टीला इतके गोड नाव कोणी दिले असेल?

हे फूल म्हणजे कॉर्नियावरचा व्रण. कॉर्निया हा डोळ्याचा पुढचा पडदा, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्यात रक्तवाहिन्या नाहीत आणि कोलॅजनचे तंतू अगदी शिस्तीत रचलेले असतात, म्हणून तो काचेसारखा स्वच्छ. जखमेनंतर तंतू वेडेवाकडे भरले की फूल पडते. देवीच्या रोगाने अशी किती फुले पाडली! १९७५ नंतर देशात देवी राहिली नाही. मळणीत डोळ्यात जाणारे भाताचे कुसळ मात्र राहिले. त्या जखमेत बुरशी वाढते, आणि घरगुती औषधे घालण्यात दिवस जातात.

७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातल्या ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुराला दुसऱ्याचा कॉर्निया बसवला. तो एका अकरा वर्षांच्या मुलाच्या काढून टाकाव्या लागलेल्या डोळ्यातला होता. मजुराला दिसू लागले. माणसाच्या कॉर्नियाचे हे पहिले यशस्वी रोपण.

आपल्याकडची गोष्ट कायद्यांच्या पुस्तकात सापडते. (कारकुनाला दुसरे काय सापडणार!) मुंबई राज्याने कॉर्निया रोपणाचा कायदा केला १९५७ साली. बेळगाव जिल्हा त्याआधीच, १ नोव्हेंबर १९५६ला, म्हैसूर राज्यात गेलेला, आणि गोव्यात तर पोर्तुगीजच होते. पुढे १९९४चा अवयव प्रत्यारोपण कायदा आला, तो आरंभी ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि हिमाचल प्रदेशाबरोबर आपला गोवा होता. म्हणजे काही काळ घाटाच्या खाली एक कायदा आणि वर दुसरा.

पण कायदा झाला तरी डोळे कुठून आणायचे? म्हणून पडदा नव्याने घडवण्याचा विचार आला. १९९०च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये शुगुआंग झांग यांना यीस्टच्या एका प्रथिनात सोळा अमिनो आम्लांचा तुकडा सापडला. त्यात पाण्याशी जमणारी आणि न जमणारी आम्ले आलटून पालटून होती. खारट पाण्यात असे तुकडे आपोआप एकमेकांना चिकटून बारीक तंतू होतात आणि तंतूंचे जाळे बनते. माटोळीला आपण लाकडी चौकट बांधतो, तशी ही पेशींसाठी चौकट. पुढे मे ग्रिफिथ आणि सहकाऱ्यांनी कोलॅजनसारख्या छोट्या पेप्टाइडांचे पडदे डुकरांच्या डोळ्यांत बसवले. त्यांत डोळ्याच्या स्वतःच्या पेशी आणि मज्जातंतूही वाढले.

पेप्टाइडचे पडदे अजून नेहमीच्या उपचारात आलेले नाहीत. त्यांच्या जवळचे एक पाऊल मात्र माणसांवर पडले आहे. डुकराच्या कातडीतल्या कोलॅजनपासून केलेले पडदे भारत आणि इराणमधल्या वीस रुग्णांना बसवले, दिल्लीचे एम्स त्यात होते. निकाल २०२२ साली आले. आधी अंध असलेल्या चौदांपैकी दोन वर्षांनी कोणीही अंध उरला नव्हता. हे रुग्ण कॉर्निया पातळ होण्याच्या विकाराचे होते, कुसळाचे नव्हेत.

मला त्यातला दुसराच तपशील मोठा वाटला. दान केलेला डोळा मृत्यूनंतर सुमारे सहा तासांत काढावा लागतो आणि कॉर्निया दोनेक आठवड्यांत वापरावा लागतो. पावसाळ्यातल्या रात्री कणकुंबीहून जांबोटीमार्गे बेळगाव गाठायचे तर सहा तास म्हणजे काय, हे त्या रस्त्याने गेलेल्यांना सांगायला नको. हा नवा पडदा मात्र पाकिटात दोन वर्षे टिकतो.