सहलीच्या वाटेवर नसलेलं १९४८

जालन्यातल्या शाळेची सहल म्हटली की वेरूळ, अजिंठा, दौलताबाद. जास्त दिवस मिळाले तर रायगड. जगात दुसऱ्याही सहली निघतात. १९८८ पासून देशोदेशीचे तरुण पोलंडमध्ये जमतात आणि ऑशविट्झपासून बिर्केनाऊपर्यंतचे तीन किलोमीटर पायी चालतात. नाझींच्या त्या छावणीत सुमारे ११ लाख माणसं मारली गेली. कंबोडियात नॉम पेन्हला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना तर एक शाळाच दाखवली जाते. ख्मेर रूज राजवटीने तिचे वर्ग विटांच्या भिंती घालून कोठड्यांत बदलले होते. आज ते तुओल स्लेंग संग्रहालय आहे.

जालन्याच्या मुलांना असा इतिहास पाहायला परदेशी जायची गरज नाही. १९४८ मध्ये जालना हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. निजामाच्या बाजूच्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील. त्याच्या टोळ्यांची दहशत मराठवाड्याच्या गावोगाव पोचली आणि असंख्य कुटुंबं घरदार सोडून संस्थानाच्या हद्दीबाहेर गेली. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावावर रझाकारांनी हल्ला केला. सुमारे २०० माणसं मारली गेल्याचं सांगतात. तिथे आता हुतात्मा स्मारक उभं आहे, पण जालन्याहून तिकडे सहल गेल्याचं सहसा ऐकू येत नाही.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. औरंगाबाद घेतल्यावर गुरख्यांची एक तुकडी जालन्यात ठेवून बाकीचं सैन्य लातूरकडे निघालं. १७ तारखेला निजाम शरण आला. दरवर्षी त्या दिवशी जालन्यात टाऊन हॉलजवळच्या स्मृतिस्तंभापाशी ध्वजवंदन होतं, हुतात्मा जनार्दनमामा नागापूरकरांना पुष्पचक्र वाहिलं जातं. मामा चौक त्यांच्याच नावाचा. ही आठवण जालन्याने मनापासून जपली आहे.

‘पोलिस ॲक्शन’ म्हटल्या जाणाऱ्या या लष्करी कारवाईनंतरच्या आठवड्यांचं मात्र स्मारक नाही. अनेक गावांत रझाकारांच्या अत्याचारांचा सूड निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची सदिच्छा समिती नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरली. सोळापैकी नऊ जिल्हे तिने पाहिले आणि शेकडो लोकांच्या साक्षी घेतल्या. तिच्या अंदाजाने २७ ते ४० हजार माणसं मारली गेली होती. सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत झाली. औरंगाबाद आणि बीडही त्यातून सुटले नव्हते. काही ठिकाणी लष्कराच्या आणि पोलिसांच्या माणसांनीही लुटीत आणि हत्येत भाग घेतल्याचं समितीने स्पष्ट लिहिलं. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे आणि तीही तितकीच मोलाची: मुसलमान विणकरांना वाचवायला हिंदू विणकर मारेकऱ्यांच्या आडवे आले आणि त्याची जबर किंमत त्यांनी मोजली.

हा अहवाल सरकारने कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही. ए. जी. नूरानी यांनी २०१३ मध्ये हैदराबादवरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात तो पूर्ण छापला. मराठीत अनंत भालेरावांनी ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ लिहून त्या लढ्याची मोठी कथा सांगितली. पण सुंदरलाल समितीचं नाव मराठवाड्यात शिकलेल्या बहुतेक मुलांच्या कानावरही आलेलं नसतं. ही उणीव पोरांची नाही, मोठ्यांची आहे.

रझाकारांचे अत्याचार सांगितले की मुसलमानांचा अपमान होतो आणि सुंदरलाल समितीचं नाव काढलं की मुक्तिसंग्राम बाटतो, हे दोन्ही समज सोडून द्यायला हवेत. गोरट्याला मेलेला शेतकरी आणि उस्मानाबादच्या एखाद्या गावात मेलेला विणकर, दोघेही याच मातीतले. एकाचं नाव घेतल्याने दुसऱ्याच्या वाट्याचं दुःख कमी होत नाही.

तेव्हा जालन्यातल्या शिक्षकांना एक विनंती. येत्या १७ सप्टेंबरला ध्वजवंदन झालं की नववी-दहावीच्या मुलांना जनार्दनमामांची गोष्ट नीट सांगा. हिवाळ्याच्या सहलीत एक मुक्काम वाढवून गोरट्याला जा. आणि निघण्याआधी सुंदरलाल समितीच्या अहवालातली चार पानं मराठीत करून वर्गात मोठ्याने वाचा.