उंद्रीतला तात्या विंचू

साल १९९४, भाद्रपदातली रात्र. खामगावहून चिखलीकडे जाणारी शेवटची एसटी तुम्हाला उंद्रीला उतरवते आणि पुढे निघून जाते. चिखल चपला सोडत नाही. मूग घरात आला आहे, त्यामुळे वर्गणीला कुणी फार खळखळ केलेली नाही, आणि गणपतीच्या मंडळानं आज 'व्हिडिओ' आणला आहे. मांडवापुढे सतरंज्या आणि युरियाची रिकामी पोती अंथरली आहेत. दोन बाकांवर रंगीत टीव्ही, खाली जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलेला व्हीसीआर. भाडं एका रात्रीचं, कॅसेट तीन, आणि उजाडलं की सामान परत.

ओट्याच्या कडेला एक आजी सरकून तुम्हाला जागा देते. "बस बाप्पा. पाठ टेकू नको, भिंत वली हाय." गेल्या वर्षी किल्लारीला जमीन हलली तेव्हापासून ती धाब्याखाली नीट झोपलेली नाही. रात्रभर अंगणात बसायला मिळतंय, म्हणून तिला व्हिडिओचं कौतुक.

पहिली कॅसेट 'धडाकेबाज'. मराठीत सिनेमास्कोप पहिल्यांदा आला तो १९९० साली, महेश कोठारे यांच्या याच चित्रपटातून. इथं मात्र टीव्ही चौकोनी. पडदाभर चित्र दिसावं म्हणून दोन्ही बाजू मिळून चाळीसेक टक्के चित्र कापून टाकलंय. कवट्या महाकाळ डरकाळ्या फोडतो आणि ज्याच्यावर फोडतो तो माणूस चौकटीबाहेर राहतो. पोरांचं काही अडत नाही. बाटलीतला गंगाराम निघाला की शिट्ट्या, एवढाच त्यांचा हिशेब.

मग 'झपाटलेला'. तुम्ही ज्याच्यासाठी आलात तो. थेटरात लागून वर्ष उलटलंय आणि ही कॅसेट म्हणजे नकलेची नक्कल. व्हीएचएसच्या फितीवर मुळात अडीचशेच्या आत-बाहेर रेघांचं चित्र मावतं, त्यात ती इतक्यांदा उतरवलेली. काळा रंग निळसर पडलाय, चेहऱ्यांवर मुंग्या धावतात. व्हीसीआर चालवणारा मधूनमधून ट्रॅकिंगचं बटण फिरवतो, तेवढ्यापुरता लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, सरळ होतो, परत वाकडा.

गोळी लागलेला तात्या विंचू मरता मरता मंत्र पुटपुटतो आणि बाहुल्यात शिरतो. ही कल्पना १९८८च्या 'चाइल्ड्स प्ले'ची, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथं शिकागोतला खुनी वूडूच्या बळावर खेळण्यात शिरतो आणि एका लहान मुलाच्या मागे लागतो. इथं वूडूच्या जागी बाबा चमत्कार, आणि मुलाच्या जागी आईच्या धाकातला थोराड लक्ष्या. माझ्या मते हा बदल मुळापेक्षा सरस आहे. लहान मूल 'बाहुला बोलतो' म्हणालं तर लोक निदान हसून सोडून देतात. मिशा फुटलेल्या गड्यानं म्हटलं की थेट त्याच्या डोक्यावरच शंका.

बाहुला रामदास पाध्ये यांचा. बोलक्या बाहुल्यांचा खेळ त्यांच्याकडे वडिलांपासून, य. के. पाध्ये यांच्यापासून आलेला. पण आज रात्री उंद्रीत कुणालाही पाध्ये दिसत नाहीत. मुंग्यांच्या गर्दीत जबड्याची खाच बुजून गेली आहे आणि उरलेत फक्त डोळे. पुढच्या पोत्यांवरची पोरं इंचाइंचानं मागे येतात.

"काऊन मांगं सरकून राह्यला बे?"

"पाय आखडला."

मोठी माणसं हसतात. आजी हसत नाही. ती लक्ष्याकडे टक लावून बघते आणि तुमच्या कानाशी म्हणते, "त्याले सैलानीले न्या लागते."

ती थट्टा करत नाही. बुलडाण्याजवळ पिंपळगाव सराईला सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तिथं यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. हिंदू-मुसलमान दोघेही जातात आणि अंगात 'बाहेरचं' शिरलंय असं घरच्यांना वाटतं अशी माणसं दोरीनं बांधून आणली जातात. आजीनं ती पाहिली आहेत. दोरी धरणाऱ्यांची बाजू सगळे ऐकतात, बांधलेल्याला कुणी विचारत नाही, हेही तिनं पाहिलं आहे. या जिल्ह्यात भुताचा विनोद करायचा तर एवढ्या भीतीच्या शेजारी बसून करावा लागतो.

लाईन जाते.

अंधारात कुणीतरी जनरेटरवाल्याच्या नावानं बोंबलतो. तुम्ही डोळे उघडता ते कॅलिफोर्नियात, १९३२ साली, युनिव्हर्सलच्या स्टुडिओत. नळांचा पाऊस कोसळतोय. 'फ्रँकेन्स्टाइन' करून वर्षच झालेला जेम्स व्हेल 'द ओल्ड डार्क हाऊस' चित्रित करतोय. वादळात अडकलेले प्रवासी वेल्समधल्या एका भयाण घराचं दार ठोठावतात. दार उघडणारा मुका नोकर म्हणजे बोरिस कारलॉफ. घरावर मरणकळा पसरलेली, आणि यजमान एर्नेस्ट थेसिजर पाहुण्यांना बटाटे घेण्याचा आग्रह करतो तो अशा गांभीर्यानं की हसावं का पळावं कळत नाही. वरच्या मजल्यावर १०२ वर्षांचा म्हातारा अंथरुणाला खिळलाय. दाढीआड आहे एल्स्पेथ डजन नावाची नटी, श्रेयनामावलीत मात्र 'जॉन' डजन. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रातून आलेल्या तुम्हाला याचं नवल वाटत नाही, फक्त गाडी उलट्या दिशेनं धावतेय एवढंच.

हा चित्रपट पुढे नाहीसा झाला. हक्क सुटले, प्रती हरवल्या. १९६८ साली कर्टिस हॅरिंग्टन या दिग्दर्शकानं हट्टानं शोधायला लावलं तेव्हा युनिव्हर्सलच्या कोठारात निगेटिव्ह सापडली. पहिलं रीळ खराब होत आलेलं. २०१७ साली चार-के प्रत झाली, ब्लू-रे निघाली आणि लोकांना पहिल्यांदा भिंतीवरच्या सावल्यांच्या कडा दिसल्या. दाढी चिकटवलेली आहे हेही दिसलं. म्हणून बिघडलं मात्र काही नाही. थेसिजरच्या नाकपुड्या किंचित फुगतात, त्याला स्वतःच्याच घराची धास्ती आहे, हे अंधुक प्रतीत कुठं कळणार होतं?

लाईन येते तेव्हा मांडव गेलेला आहे. ओटा आहे, वर स्लॅब आहे, शेतांत कपाशीपेक्षा सोयाबीन जास्त आहे. त्या रात्री पाय आखडलेल्या पोराचा मुलगा भिंतीला टेकून मोबाईलवर 'झपाटलेला' बघतोय. चित्र स्वच्छ, मुंगी एकही नाही.

तुम्ही शेजारी बसता आणि न विचारता ज्ञान पाजळायला लागता. बघ, तात्या विंचूचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा. १९८२च्या 'एक डाव भुताचा'मध्ये हेच मास्तर होते आणि मराठेशाहीतल्या शिपायाचं भूत होऊन अशोक सराफ त्यांना भेटायचा. १९९३ साली ते स्वतःच दुसऱ्याच्या मागे लागले. २००४च्या 'पछाडलेला'त वाड्यातले इनामदार भुस्नाळे होऊन भरत जाधवच्या अंगात शिरले. आणि दोन वर्षांनी 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी, तेही एकाच माणसाला दिसणारे! भुतानं धरलेला मास्तर ते राष्ट्रपिता, एवढी बढती जगातल्या कुठल्या नटाला मिळाली असेल? पोरगा मान हलवतो. त्याला 'मुंज्या' माहीत आहे, त्याचा दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मराठी आहे हे माहीत नाही, आणि तुमच्याकडून ते कळून घ्यायची त्याला घाई नाही.

"हे पाहा," तो चित्र थांबवून दोन बोटांनी मोठं करतो. "नुसता जबडा खालीवर होते. व्हट हालतच नाही. याले भेत होते तुमी?"

बाहुल्याचं खरं आहे. स्वच्छ प्रतीत तात्या विंचू लाकडी ठरतो, शब्द एकीकडे आणि जबडा दुसरीकडे जातो. पण बोटांनी चित्र सरकलंय आणि आता पडद्यावर फक्त लक्ष्मीकांत बेर्डे आहे. मुंग्या असताना त्याची पडापड तेवढी दिसायची, ओरडणं ऐकू यायचं. आता गळ्याची घाटी हललेली दिसते. हसवायच्या जागीसुद्धा तो भीतीची टिंगल करत नाही. समोरच्याला पटवून देताना आधी हसरा चेहरा करायला जातो, ते जमत नाही, मग डोळे भरतात. २००४च्या डिसेंबरात, पन्नाशीतच गेला हा माणूस. लोकांनी त्याला 'विनोदवीर' म्हणून निरोप दिला. या एका प्रसंगापुरतं ते बिरुद अपुरं पडतं.

"तो खरं सांगून राह्यला ना?" पोरगा विचारतो. "मंग कोनी आयकत काऊन नाही त्याचं?"

तुम्ही काही बोलण्याआधीच त्यानं तोच प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला आहे, आणि या खेपेला तो बाहुल्याकडे बघत नाही.