दुसऱ्या प्रश्नाचा अधिकार

राज्यकर्त्यांना प्रश्न विचारणें ही गोष्ट दिसावयास अगदीं लहान आहे. तींत ठराव नाहीं, मतदान नाहीं, लांबलचक भाषण नाहीं. एक सभासद उभा राहतो, छापील पत्रिकेंतील आपल्या प्रश्नाकडे सभागृहाचें लक्ष वेधतो, आणि सरकारच्या बाजूचा एक गृहस्थ त्याचें उत्तर वाचून दाखवितो. दोन मिनिटांत सर्व आटोपतें. परंतु मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाचा इतिहास पाहिला म्हणजे असें दिसतें कीं, हीं दोन मिनिटें पदरांत पाडून घेण्यास दीर्घ काळ लोटला. आणि त्या झगड्याची खरी मेख पहिल्या प्रश्नांत नव्हती, दुसऱ्या प्रश्नांत होती. पहिल्या प्रश्नानें माहिती मिळते. त्या उत्तराचा धागा धरून तत्क्षणीं दुसरा प्रश्न विचारतां आला, म्हणजे मग सरकारची परीक्षा सुरू होते.

ही प्रथा मूळची विलायतेची. १७२१ सालीं, साउथ सी कंपनीच्या शेअरांचा फुगा फुटून हाहाकार झाला असतां, लॉर्ड कौपर यांनीं लॉर्डांच्या सभेंत सरकारला विचारलें कीं, कंपनीचा पळून गेलेला खजिनदार परदेशांत पकडला गेला, ही बातमी खरी काय? पार्लमेंटच्या दप्तरांत नोंदलेला असा हा पहिला प्रश्न समजला जातो. हिंदुस्थानांत ही प्रथा शिरली ती मात्र चोरपावलांनीं. १८५३ च्या सनदी कायद्यानें कलकत्त्यास कायदे करणारें बारा जणांचें कौन्सिल स्थापन झालें. त्यांत एकहि हिंदी मनुष्य नव्हता. तरीसुद्धां त्या गोऱ्या अधिकाऱ्यांनीं व न्यायाधीशांनीं पार्लमेंटची रीत उचलली, आणि कारभाराविषयीं ते सरकारकडे विचारणा करूं लागले. हें लहानसें पार्लमेंट वरिष्ठांना रुचलें नाहीं. स्टेट सेक्रेटरी सर चार्ल्स वुड यांच्या कारकीर्दींत झालेल्या १८६१ च्या कायद्यानें तें दार बंद झालें. कौन्सिलानें कायदे करावे, त्यापलीकडे कोणतेंहि काम करूं नये, असें ठरलें.

मुंबईचें कायदेकौन्सिल प्रथम भरलें तें ह्याच कायद्याखालीं, २२ जानेवारी १८६२ रोजीं. नाना शंकरशेट यांच्यासारखे मातबर हिंदी गृहस्थ त्याचे सभासद होते. पुढें आलेल्या मसुद्याच्या कलमावर त्यांना बोलतां येई. पण ज्या खात्याच्या कारभारामुळें तो मसुदा आणण्याची पाळी आली, त्या खात्याला जाब विचारतां येत नसे. म्हणूनच १८८५ च्या डिसेंबरांत मुंबईस राष्ट्रीय सभेची पहिली बैठक झाली, तेव्हां काशीनाथ त्रिंबक तेलंग यांनीं मांडलेल्या ठरावांत कौन्सिलांच्या विस्ताराबरोबर प्रश्न विचारण्याच्या हक्काची मागणी स्पष्ट शब्दांत आली.

तो हक्क १८९२ च्या कायद्यानें मिळाला. मात्र हातपाय बांधूनच मिळाला. प्रश्नाची लेखी सूचना आधीं द्यावयाची. प्रश्न केवळ माहिती मागणारा असावा. त्यांत युक्तिवाद नसावा, कल्पित प्रसंग नसावा, कोणाची निंदा नसावी. अध्यक्षस्थानीं स्वतः गव्हर्नर, म्हणजे ज्याच्या कारभाराविषयीं विचारावयाचें तोच प्रश्न घ्यावा कीं न घ्यावा हें ठरविणार. आणि एकदां उत्तर वाचलें गेलें कीं त्यावर चर्चा नाहीं, पुरवणी प्रश्न नाहीं. उत्तर अपुरें असो वा उडवाउडवीचें असो, विचारणाऱ्यानें खालीं बसावें. फेरोजशहा मेहता, १८९५ व १८९७ सालीं निवडून आलेले लोकमान्य टिळक, १८९९ सालीं निवडून आलेले गोपाळ कृष्ण गोखले, अशा त्या काळच्या पहिल्या प्रतीच्या बुद्धीच्या पुरुषांना ह्या चौकटींत काम करावें लागलें. ह्या चौकटीची मर्यादा १९०१ सालीं उघड झाली. जमीनमहसुलाच्या कायद्यांतील दुरुस्तीचें बिल लोकपक्षाचा विरोध डावलून पुढें रेटलें जाऊं लागलें, तेव्हां मेहता, गोखले व त्यांचे कांहीं सहकारी सभागृहांतून उठून गेले. बोलून व विचारून भागत नाहीं अशी खात्री झाल्यावर सनदशीर मार्गाच्या ह्या पुरस्कर्त्यांजवळ तेवढाच उपाय उरला होता.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनीं बांधलेली गांठ थोडी सैल केली. मूळ प्रश्न ज्यानें विचारला असेल त्याला, आणि फक्त त्यालाच, उत्तराचा खुलासा करून घेण्यासाठीं पुरवणी प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. तरी उत्तर देणाऱ्यास, सूचना मिळाल्यावांचून ह्याचें उत्तर देतां येत नाहीं, असें म्हणून मोकळें होण्याचा मार्ग होताच. असें असूनहि हा फरक मोठा होता. लेखी उत्तर कचेरींत बसून चार कारकुनांच्या मदतीनें तयार करतां येतें. पुरवणी प्रश्नाचें उत्तर उभ्याउभ्या द्यावें लागतें, आणि उत्तर देणाऱ्याला आपलें खातें ठाऊक आहे कीं नाहीं, तें सर्व सभागृहास दिसतें.

१९१९ च्या कायद्यानें चित्र बरेंच पालटलें. मध्यवर्ती सरकारनें प्रांतांकडे कोणतीं खातीं द्यावीं हें नियमांनीं ठरविलें गेलें, आणि प्रांताकडे आलेल्या खात्यांची पुन्हा वांटणी झाली. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, अबकारी अशीं खातीं ‘सोपीव’ ठरलीं. तीं लोकनियुक्त सभासदांतून घेतलेल्या दिवाणांकडे, म्हणजे मंत्र्यांकडे गेलीं. पोलीस, न्याय, जमीनमहसूल हीं खातीं ‘राखीव’ ठरून गव्हर्नर व त्याचें कार्यकारी मंडळ यांच्या हातीं राहिलीं. १९२१ सालीं मुंबईचें नवें कौन्सिल सुरू झालें, त्यांत ८६ सभासद लोकनियुक्त होते. गव्हर्नर अध्यक्षस्थानावरून दूर झाला आणि सर नारायण चंदावरकर पहिले स्वतंत्र अध्यक्ष झाले. पुरवणी प्रश्न विचारण्याचा अधिकार आतां एकट्या मूळ विचारणाऱ्यापुरता राहिला नाहीं. तो प्रत्येक सभासदाला मिळाला.

एकाच सभागृहांत, एकाच तासांत, आतां दोन प्रकारचे उत्तरदाते बसूं लागले. शिक्षणखात्याचे दिवाण रँग्लर परांजपे यांना प्रश्न विचारणाऱ्या सभासदाच्या हातीं त्यांच्या खात्याचा खर्च मंजूर करण्याची सत्ता होती, आणि सभागृहाचा विश्वास गेल्यास दिवाणाला जागेवर राहणें कठीण होतें. राखीव खात्याच्या सभासदास प्रश्न विचारला तर उत्तर तितक्याच सभ्यपणें मिळे. पण सभागृहानें त्या खात्याची मागणी नामंजूर केली, तरी ती आवश्यक आहे असें ठरवून गव्हर्नराला पुन्हा भरून काढतां येई. प्रश्न सारखाच, उत्तराची भाषा सारखीच. एका उत्तरामागें जबाबदारी होती, दुसऱ्यामागें केवळ शिष्टाचार होता.

तरीहि राखीव खात्याला विचारलेला प्रश्न अगदींच फुकट जात नसे, हें बॅकबेच्या प्रकरणानें दाखविलें. समुद्र हटवून मुंबई शहरासाठीं ११४५ एकर जमीन मिळविण्याची ही योजना गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळांत हातीं घेतली गेली. खर्चाचे अंदाज फुगत गेले, आणि काम रेंगाळत राहिलें. कौन्सिलाचे सभासद खुरशेद फ्रामजी नरीमन यांनीं ह्या कारभाराचा पिच्छा पुरविला. अखेर १९२६ सालीं हिंदुस्थान सरकारला सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमावी लागली. सभागृहांतील शब्दाला कायद्याचें संरक्षण होतें, बाहेरच्या शब्दाला नव्हतें. बाहेर केलेल्या आरोपांवरून एका अधिकाऱ्यानें नरीमन यांच्यावर अब्रूनुकसानीची फिर्याद केली, आणि तींतून ते निर्दोष सुटले. योजना आंखडती घ्यावी लागली, व निम्म्याहून कमी जमीन त्या वेळीं हातीं आली. त्याच किनाऱ्यावर पुढें भर घालून झालेल्या भागाला आज नरीमन पॉइंट म्हणतात.

सोपीव खात्यांचें उत्तर जबाबदारीचें होतें म्हणून तें पुरेसें होतें, असें मात्र नाहीं. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांचा ठराव कौन्सिलानें मान्य केला: सार्वजनिक पैशानें बांधलेल्या किंवा चालविलेल्या विहिरी, तळीं, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य वर्गाला खुल्या असाव्या. सरकारनें त्याप्रमाणें हुकूम काढला. महाडच्या म्युनिसिपालिटीनेंहि १९२४ सालीं आपलें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. कागदावर सर्व कांहीं झालें. पाणी मात्र मिळालें नाहीं. म्हणून १९२६ सालीं बोले यांना पुन्हा उभें राहून, जीं स्थानिक मंडळें हें मानणार नाहींत त्यांचें अनुदान थांबवावें, असा दुसरा ठराव आणावा लागला. आणि २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों लोकांसह महाडच्या तळ्यावर गेले. त्याच वर्षीं फेब्रुवारींत त्यांनीं कौन्सिलांत आपली जागा घेतली होती. सरकार ‘हुकूम काढला आहे’ असें उत्तर देतें, तेव्हां ‘त्याची अंमलबजावणी कोठें झाली?’ असें विचारणारा तेथें असावा लागतो. ज्यांच्या घागरी रिकाम्या होत्या, त्यांचा प्रतिनिधि सभागृहांत आल्यावांचून हा दुसरा प्रश्न तितक्या निकडीनें विचारला जात नाहीं.

१९३५ च्या कायद्यानें द्विदल राज्यपद्धति गेली आणि प्रांतिक स्वायत्तता आली. १९३७ च्या निवडणुकींत मुंबईच्या असेंब्लींतील १७५ पैकीं ८६ जागा काँग्रेसनें जिंकल्या, आणि जुलै महिन्यांत बाळ गंगाधर खेर यांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. सभापति होते गणेश वासुदेव मावळंकर, जे १९५२ सालीं लोकसभेचे पहिले सभापति झाले. वर्षानुवर्षें सरकारला धारेवर धरणारा पक्ष आतां उत्तरें देण्याच्या बांकावर बसला, आणि समोर विरोधी बांकावर डॉ. आंबेडकर व जमनादास मेहता यांच्यासारखे तयारीचे वादपटु होते. सरकार आपलें असलें म्हणजे प्रश्नांची गरज संपते, हा समज तेथें टिकला नाहीं. उलट, सरकार आपलें झालें तेव्हांच प्रश्नाच्या पाठीमागें पहिल्यानें खरी सत्ता उभी राहिली.

हें सुख फार दिवस लाभलें नाहीं. महायुद्ध सुरू झाल्यावर १९३९ च्या नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि कायद्याच्या ९३ व्या कलमान्वयें प्रांताचा सर्व कारभार गव्हर्नराकडे गेला. सहा वर्षांहून अधिक काळ मुंबईचें कायदेमंडळ भरलें नाहीं. ह्या काळांत युद्धाची टंचाई आली, रेशनिंग आलें, १९४२ ची चळवळ व तिच्यावरील गोळीबार झाला. परंतु ह्यांपैकीं कशाविषयींहि मुंबई सरकारला समोरासमोर विचारील असें प्रांतांत सभागृहच नव्हतें. १९४६ सालीं खेर पुन्हा मुख्य प्रधान झाले, तेव्हां कोठें तो तास परत आला.

१ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि जुन्या कौन्सिलांतील ती रीत नव्या विधानसभेकडे वारशानें आली. आज प्रश्नांचे दोन मुख्य प्रकार आहेत, तारांकित व अतारांकित. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतें आणि तेथेंच तो संपतो, जसा १८९२ च्या नियमांखालीं संपत असे. तारांकित प्रश्नाचें उत्तर तोंडी द्यावें लागतें आणि त्यावर उपप्रश्न विचारतां येतात. प्रश्नाच्या कपाळावरची ती लहानशी खूण म्हणजे त्या दीर्घ झगड्याची मिळकत होय. परंतु गोंधळामुळें किंवा कामकाज आटोपतें घेतल्यामुळें प्रश्नोत्तरांचा तास वायां गेला, कीं तारांकित प्रश्नालाहि छापील उत्तरावर समाधान मानावें लागतें. तेव्हां सभासद आपल्या घरीं जातो, उत्तर दप्तरांत जातें, आणि तें खरें कीं खोटें, पुरें कीं अपुरें, हें विचारणारा दुसरा प्रश्न न विचारतांच राहतो.