चला, खासबागेत जागा धरू

पाय जवळ घ्या. बाकाखाली एक म्हातारा अंगाचं मुटकुळं करून झोपलाय आणि तुमची टाच त्याच्या पागोट्यावर आहे. साल 1926, महिना माघ. तुम्ही परळच्या एका गिरणीत साचेवाले आहात. आज साचा दुसरा कुणी चालवतोय, तुमचा खाडा पडलाय आणि अजून काही दिवस तो पडतच राहणार आहे. पुण्याला मोठी गाडी सोडून या लहान रुळाच्या गाडीत शिरल्यापासून कोळशाची कणी डोळ्यांत जातेय. विडीचा धूर आहे, कुणाच्या तरी गाठोड्यातला लसणीच्या चटणीचा वास आहे. खोकला आला तर खुशाल खोका. घशातला कापसाचा तूस एका रात्रीत निघत नाही.

मिरज मागं पडतं. गाडी कृष्णेच्या पुलावर चढली की डब्याखालचा आवाज पोकळ होतो आणि डब्यातला वाढतो. गिरणीत मुकादमापुढं ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो तुमचा शेजारी मांडीवर थाप मारून म्हणतो, ‘‘आलं की मर्दा आपलं संस्थान!’’ पुढं रुकडीजवळ पंचगंगा ओलांडायची आहे. तोवर खिडकीत ऊसच ऊस.

कोल्हापूर स्टेशनाबाहेर डोळे मिटून चाललात तरी वाट चुकणार नाही. स्टेशनाला लागूनच शाहूपुरीची पेठ आहे आणि हा गुळाचा हंगाम. गोड, जरा करपट वास नाकातून थेट पोटात उतरतो. बैलगाड्यांवर ढेपा, ढेपांवर माश्या, माश्यांवर हमालांच्या शिव्या. टांगेवाला भाडं सांगेल ते ऐकून हसा आणि चालू लागा. नवी कोल्हापुरी पायताणं कर्रकर्र वाजवत दोघं-तिघं पुढून येताहेत. ती वाजावीत म्हणूनच तशी शिवून घेतलेली असतात, तेव्हा बघितल्यासारखं करा.

घरचं लवकर उरकायचंय. आई तोंडावरून हात फिरवून म्हणेल, ‘‘वाळलास की रं. खायला घालत न्हाईत व्हय तिकडं?’’ तांबड्या रश्शाचा पहिला घोट कानापर्यंत जाळत जाईल. मुंबईच्या खानावळीनं तुमची जीभ पार मऊ करून टाकलीय. दुसरी भाकरी मोडायच्या आत थोरला भाऊ दारातून ओरडेल, ‘‘ऊठ लवकर. खासबागेत कुस्त्या हायत. जागा मिळायची न्हाई.’’

वाचक बाई असतील तर फेटा नीट बांधून घ्या. आजच्या गर्दीत बाईमाणूस नाही आणि त्याबद्दल इथं कुणाला काही वाटतही नाही.

खासबाग लांबून दिसत नाही, ऐकू येते. आधी हलगी, मग कैचाळाचा किणकिणाट, मग हजारो घशांची एकच घरघर. आत शिरलात की जमीन परातीसारखी खाली उतरत गेलेली आणि तळाशी लाल मातीचा हौदा. शाहू महाराज 1902 साली विलायतेला गेले, तेव्हा रोमचं जुनं गोल मैदान पाहून आले. दहा वर्षांनी त्यांनी इथं हे उभं केलं. महाराजांना जाऊन चार वर्षं होत आली, पण लोक अजून ‘महाराजांचं मैदान’ असंच म्हणतात. याची खरी करामत उतारात आहे. शेवटच्या रांगेतल्या हमालालाही पैलवानाचा अंगठा दिसतो, पुढच्याच्या फेट्याशी भांडावं लागत नाही. मोठमोठी थिएटरं बांधणाऱ्यांना एवढं साधं का जमत नाही, मला कळत नाही.

बसा. बसलात म्हणजे रुतलात. शेजाऱ्याचं कोपर तुमच्या बरगडीत, मागच्याचे गुडघे पाठीत. ऊन मानेवर. मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मुरवलंय. कुदळीनं माती उकरली की तो आंबूस वास रांगा चढत वर येतो. पोरांच्या नारळ-रेवडीच्या कुस्त्या उरकल्या. आता मोठी जोड. पंजाबकडचा एक उंचापुरा गडी आणि समोर गंगावेशीच्या तालमीतला बुटका, मानेचा पत्ताच नसलेला. शड्डूचा आवाज हवेत फुटतो. सलामी झाली, मूठभर माती एकमेकांच्या अंगावर पडली, खडाखडी सुरू.

आणि मग बराच वेळ काहीच होत नाही. दोन डोकी एकमेकांना टेकलेली, चार हात मनगटं चाचपताहेत. तुमची चुळबूळ होणारच, तुमचा दिवस भोंग्यावर चालतो. इथं भोंगा नाही. पाठ लागेपर्यंत कुस्ती. ऊन मानेवरून कानावर येऊ दे, कानावरून उतरू दे. शेजारचा म्हातारा डाव सांगत सुटलाय, त्याचं न पैलवान ऐकतो न तुम्ही. तेवढ्यात बुटका खाली घुसतो. पट! पंजाबी गुडघ्यावर, बुटक्याचा कब्जा. ‘‘घिस्सा! घिस्सा ओढ!’’ हे कोण ओरडलं? तुम्हीच. लंगोटाला हात, मानेवर गुडघा, लाल धूळ उडते आणि पंजाबी आभाळ बघत पडलेला असतो. फेटे वर जातात. त्यातला एक तुमचा, तो परत मिळणार नाही.

रात्री सिनेमा. गावातच, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं काढलेला ‘सावकारी पाश’. चित्र मुकं, म्हणून थिएटर बोलकं: पडद्यापुढं तबला-पेटी, शेंगांच्या टरफलांचा चुरा, पाटीवरची अक्षरं मोठ्यानं वाचणारा एक शिकलेला पोरगा. सावकाराच्या कामात झुंझारराव पवार, तरुण शेतकऱ्याच्या कामात शांताराम. कागदाच्या जोरावर जमीन जाते. शेतकरी गाव सोडतो, शहरात जातो आणि गिरणीत लागतो.

तुम्ही शेंग तोंडात धरून थांबता.

पुढं जाणकार या सिनेमाला डोक्यावर घेतील, आणि तो आहेच त्या योग्यतेचा. पण रजेवर आलेल्या माणसाला पैसे मोजून आपलंच रडगाणं दाखवायचं म्हणजे काय? त्याला घिस्सा हवा असतो. मागच्या रांगेलाही तसंच वाटत असावं. सावकार दिसला रे दिसला की कुणीतरी खच्चून ओरडतं, ‘‘आरं, पट काढ त्येचा!’’ पेटीवाला हसतो आणि सूर सोडून भलतीकडेच जातो. उठा आता. घसा दुपारीच बसलाय, हरकत नाही. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, आठवेल तो डाव शांतारामला सुचवा. पाटी वाचणाऱ्याचा आवाज बुडाला तर बुडू दे. पुढं काय होणार ते तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे.